मोरामागचे सर

सरांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला आधी मोर आठवतो. दोन्ही डोळे एकाच बाजूला काढलेला, मान जरा जास्तच लांबलेली आणि पोटावर ठिगळ लावलेला. हा मोर एका राजवाड्याच्या गच्चीवर बसला होता, राजवाडा एका पडद्यावर रंगवला होता, आणि तो पडदा नागभीडकडच्या आमच्या कॉलेजात, अर्थशास्त्राच्या वर्गात, फळ्याच्या बाजूला टांगलेला होता. सर त्या मोराच्या मागे स्टुलावर बसून शिकवायचे.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर कोणीच नव्हतं. खिळ्याला एक काळा कोट लटकत होता. आम्ही पोरं-पोरी राजवाड्याकडे बघत बसलो. गरिबी आणि बेरोजगारी शिकायला आलो होतो आणि समोर कारंजं उडत होतं. माझ्या शेजारी शाहीन होती, स्टेशनजवळच्या टेलरची मुलगी. ती म्हणाली, "हा नाटकाचा पडदा होय. माया अब्बानंच ठिगळ लावलं याले." एवढ्यात मोर बोलला.

"पहिल्या बाकावरची, हिरवी ओढणी. वर ये. कोट घाल."

हिरवी ओढणी माझी होती. ठिगळाच्या कडेला बोटभर फट होती, त्यातून सर सगळं बघायचे, हे मला नंतर कळलं.

"मी? मी काऊन?"

"मंग काय मी शिकू? मले येते ना सगळं. कोट घाल, अन् म्हण, अर्थशास्त्र म्हणजे..."

मी कोट घातला. बाह्या बोटांच्या खाली आल्या. मी म्हटलं, "अर्थशास्त्र म्हणजे." आणि थांबले, कारण मोरही थांबला होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी ओठ न हलवता विचारलं, "पुढं काय?"

"बाजारात गेली असशील ना कधी?"

आमच्या गावाहून नागभीडच्या बाजारात मी दर आठवड्याला आईबरोबर जायची. मी म्हटलं, "बाजारात गेलं की सगळंच घ्यावंसं वाटते आणि पिशवी एकच राहते."

"बस्स," मोर म्हणाला. "हेच होय. पुस्तकात हेच लांबवून लिहिलेलं आहे. आता फळ्यावर लिव्ह."

ही सरांची पद्धत. दर तासाला आमच्यातला एक जण तो कोट घालून सर व्हायचा आणि खरे सर मागून शब्द द्यायचे. तो कोट कुठल्याशा नाटकातल्या वकिलाचा होता. पडदाही तिथलाच. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, धानाची कापणी उरकली की नाटकांचा मोसम सुरू होतो, आणि सर तरुणपणापासून वडशाच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य पुरवायचं, हे त्यांचं काम. एम.ए. झाले, कॉलेजात लागले, तरी विंग काही सुटली नाही. त्यांनी ती वर्गात आणून टांगली.

नियम दोन होते. एक, मागे बघायचं नाही. नट मागे बघायला लागला की नाटक संपलं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम त्यांचा स्वतःसाठी होता, आणि तो ते अधूनमधून मोरामागून आम्हाला ऐकवायचे. "अख्खं वाक्य देल्लं तर नटाचा पोपट होते. प्रॉम्प्टरनं आपल्या मनचं काहीच द्यायचं नाई. पुढच्याच्या तोंडाशी जे अडकून आहे, तेच द्यायचं. तेवढंच." बोलताना ते बहुधा काहीतरी खात असायचे, कारण मधूनच डब्याचं झाकण वाजायचं.

खाण्यावरून आठवलं. घटत्या उपयोगितेचा नियम शाहीनच्या वाट्याला आला. पहिला आलुबोंडा खाताना जो आनंद होतो तो पुढच्या आलुबोंड्यात कमी-कमी होत जातो, असा तो नियम. सरांनी कॅन्टीनमधून गरम आलुबोंड्यांचं ताट मागवून ठेवलं होतं. शाहीन कोट घालून उभी राहिली, एक-एक आलुबोंडा खाऊन वर्गाला सांगू लागली, "अजून चांगलाच लागून राह्यला." फळ्यावर रेघ खाली यायला हवी होती, ती वरच चालली. शेवटी ताट रिकामं झालं आणि शाहीन म्हणाली, "सर, नियम चुकीचा आहे." मग सर म्हणाले, "नियम बरोबर आहे. तू सकाळपासून जेवली नाई." शाहीन खरंच जेवली नव्हती. रोजे नव्हते, काही नव्हतं, घरी शिलाईची घाई होती म्हणून तशीच आली होती. मोरामागून मग सरांचा स्वतःचा डबाही सरकत बाहेर आला.

वर्गाबाहेरही त्यांची सवय त्यांना सोडत नसे. नागभीडच्या स्टँडवर कंडक्टर "ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी" ओरडता ओरडता दम खायला थांबला की सर खांबाआडून "वडसा!" म्हणून पुढचं गाव पुरवायचे. कॉलेजच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात नवरी नाव घेताना अडली. बाया आग्रह करतायत, नवरी लाजून लाल झालेली. सर कनातीमागे पंगतीत बसले होते. कनातीतून यमकासकट नवऱ्याचं नाव आलं. नवरीनं ते म्हटलं आणि सुटली. नवऱ्याकडच्या बाया मात्र कितीतरी वेळ त्या कनातीकडे टक लावून होत्या, आणि सर हातातला लाडू तसाच टाकून मागच्या मागे निघून गेले.

आमच्या प्राचार्यांना हा सगळा प्रकार अजिबात पसंत नव्हता, पण त्यांची स्वतःची अडचण होती. त्यांची भाषणं पंचक्रोशीत गाजायची आणि त्यांना दोन वाक्यांच्या पुढे काही आठवायचं नाही. म्हणून प्रत्येक समारंभाला वर्गातला पडदा सोडवून हॉलच्या स्टेजवर टांगला जायचा. झेंडावंदन असो की गॅदरिंग, प्राचार्य राजवाड्यासमोर उभे राहून बोलायचे आणि लोक म्हणायचे, काय वाणी आहे! टाळ्या पडल्या की मोराचं पोट जरासं हलायचं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा समिती येणार असं ठरलं. अशी समिती दर काही वर्षांनी बाहेरून येते, कॉलेज तपासते आणि शेरा देऊन जाते. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, आणि सर एकटे जायला कचरतात म्हणून मी आणि शाहीन बरोबर गेलो. प्राचार्य म्हणाले, "संस्थेचं ठरलं आहे. या खेपेले अर्थशास्त्राबद्दल खराब शेरा आला तर विषयच बंद. पोरं कमी, अन् शिक्षक तासिकेवर." तासिकेवर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि नेमणूक दर वर्षी नव्याने. विषय बंद म्हणजे सरही बंद.

आणि मीही. माझ्या बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "इथी आहे तोवर शिक. नागपूरले धाडणं मले जमणार नाई. मंग सोयरीक पाहू." बाबा वाईट नव्हते. विहारात कार्यक्रम असला की माझ्या हाती माइक देणारे तेच. पण जमत नाही म्हणजे जमत नाही, त्यावर आमच्या घरी चर्चा नसते. तेव्हा माझं शेवटचं वर्ष त्या शेऱ्यावर टांगलेलं होतं.

"सर, एकच दिवस पडदा काढा," मी हात जोडले. "एक तास समोर उभे राहा. समितीले दिसा फक्त."

"काढतो ना," सर म्हणाले.

रोज म्हणायचे काढतो. दोरीची गाठ हातात घ्यायचे, तिच्याकडे बघत बसायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे. आम्हाला वाटायचं, तत्त्वाचा माणूस आहे, आपली पद्धत सोडणार नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि संतापही यायचा, दोन्ही एकदमच.

समिती वर्गात आली त्या दिवशी कोट माझ्या अंगावर होता. अध्यक्ष पुण्याकडचे, स्वच्छ कपड्यांचे, हळू बोलणारे गृहस्थ. मागे दोन सदस्य. मी छुपी बेरोजगारी शिकवत होते. एका बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, रोवणी चार बायांनी होते, पण घरच्या सगळ्याच उतरतात, मग उरलेल्या बाया कामावर आहेत की नाहीत, असा प्रश्न मी फळ्यावर लिहिला होता आणि मागच्या बाकावरच्या पोरांत त्यावरून भांडण लागलं होतं.

"छान. मॅडम, आपलं शिक्षण?" अध्यक्षांनी विचारलं.

मी अडले. मोर हळूच म्हणाला, "सध्या..."

"सध्या चालू आहे," मी म्हटलं.

"पीएच.डी.?"

मोर गप्प. माझ्या तोंडाशी काय होतं ते मलाच बोलावं लागलं. "बारावी झाली आहे, सर."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "अध्यापनाचा अनुभव?"

"मागच्या महिन्यात एक तास घेतला होता."

"मग या विषयाचे प्राध्यापक कुठे आहेत?"

वर्गात एकानेही पडद्याकडे मान वळवली नाही. पहिल्या वर्षापासून मागे न बघण्याची सवय लागलेली. शेवटी शाहीन उठून म्हणाली, "येऊनच राह्यले, सर." समितीने थोडा वेळ वाट पाहिली. अध्यक्ष पडद्याजवळ गेले, मोराच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि सदस्यांना म्हणाले, "चित्रकार शिकाऊ असावा." मग निघून गेले. पडद्यामागे सर श्वास रोखून बसले होते, तो त्यांनी सोडला तेव्हा कारंजं हललं.

दुपारी हॉलमध्ये समारोप. प्राचार्यांना आभार मानायचे होते, म्हणजे पडदा स्टेजवर, म्हणजे सर पडद्यामागे. आम्ही विद्यार्थी समोर. कोट काढायचं मला भान नव्हतं. अध्यक्ष बोलायला उठले आणि कागदावरून वाचू लागले. ग्रंथालय, मैदान, मुलींची खोली, सगळ्यांबद्दल समाधान. तेवढ्यात बाजूच्या कूलरने झोत बदलला आणि शेवटचा कागद उडून स्टेजखाली गेला. अध्यक्षांनी तो न उचलता पुढे बोलायचं ठरवलं.

"परंतु या महाविद्यालयातली सर्वांत गंभीर उणीव म्हणजे," ते म्हणाले. "उणीव म्हणजे..." आणि अडले.

मला मोराचं पोट हललेलं दिसलं. मनात म्हटलं, सर, नका. आज गप्प बसा. नाहीतर म्हणा, पिण्याच्या पाण्याची सोय. म्हणा, सायकल स्टँड. काहीही म्हणा.

मोर म्हणाला, "अर्थशास्त्राच्या वर्गात शिक्षक दिसत नाही."

"अर्थशास्त्राच्या वर्गात शिक्षक दिसत नाही," अध्यक्ष सुटल्यासारखे म्हणाले. "आणि ही बाब..."

"अक्षम्य आहे."

"अक्षम्य आहे. अगदी अक्षम्य." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे वळून बघितलं. इतक्या वर्षांत मागे बघणारा तो पहिलाच माणूस.

प्राचार्यांनी धावत जाऊन पडदा ओढला. स्टुलावर सर बसलेले. किडकिडीत, चप्पल काढलेली, मांडीवर डबा. त्यांना स्वतःला काय झालं हे अजून कळलेलं नव्हतं. अडलेल्याला शब्द मिळाल्याचं समाधान चेहऱ्यावर तसंच होतं.

"तुम्हीच का ते प्राध्यापक?" अध्यक्षांनी विचारलं. "या. माइकवर या. सगळ्यांना सांगा, तुम्ही वर्गात समोर का येत नाही."

सर माइकपाशी आले. तोंड उघडलं. आवाज नाही. परत उघडलं. हात शर्टाची बटणं चाचपत होते. हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं. सरांची नजर भिरभिरत माझ्यावर येऊन थांबली.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. "ही माझी नवी अध्यापनपद्धती आहे." तेवढं म्हणाले असते तर विषय वाचला असता, सर वाचले असते, माझं शेवटचं वर्ष वाचलं असतं. मी ओठ उघडलेही. पण सरांचा चेहरा इतका वेळ समोरून मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यांच्या तोंडाशी ते वाक्य नव्हतंच. तिथे दुसरंच काही अडकलं होतं. ते आम्हाला कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

"मले भेव लागते," मी हळूच म्हटलं.

"मले भेव लागते," सर माइकवर म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच पुढचं सापडलं. "समोर लोक असले का मले भेव लागते. लहानपणापासून. नाटकात मले नटच व्हायचं होतं जी. उभं राहता आलं नाई म्हणून मागं बसलो."

लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. प्राचार्य कपाळाला हात लावून उभे होते. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला उभं राहता येत नाही. मग ती मुलगी कशी उभी राहिली? बारावी झालेली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझ्याकडे शब्द नव्हता.

"तिले माहीत असते ना सर," ते स्वतःच म्हणाले, "का मागं कोणी बसून आहे म्हणून."

अध्यक्ष खाली बसले आणि भाषण तिथेच संपलं.

बाहेर पडवीत मी सरांवर तुटून पडले. रडत होते आणि भांडत होते. "काऊन देल्लं ते वाक्य? मायं शिक्षण बुडालं ना सर! तुमची नोकरी गेली!"

"त्याच्या तोंडाशी तेच होतं बाई," सर म्हणाले. "मी माया मनचं कसं घुसडू?" मग जरा वेळाने ओशाळून म्हणाले, "तुयी गोष्ट मले स्टुलावरून उठल्यावर ध्यानात आली."

त्यानंतर जे घडलं ते कुणालाही पटत नाही, पण आमच्या भागात विचारून बघा. समितीच्या अहवालात आमच्या वर्गाचं नाव 'अदृश्य अध्यापकाची सहभागी पद्धती' असं पडलं आणि तिची तोंडभरून स्तुती झाली. विषय राहिला, सर राहिले, माझं शेवटचं वर्ष झालं, आणि बाबांनी सोयरिकीचा विषय माझं घरूनच एम.ए. होईपर्यंत तोंडातून काढला नाही. अहवाल वाचून बाकीची कॉलेजंही जागी झाली. जिथे-तिथे पडदे लागले. शाहीनच्या अब्बांनी तो सगळा मोसम लग्नाचे कपडे शिवायचे सोडून पडदेच शिवले. ताडोब्याच्या बाजूच्या एका कॉलेजने मोराऐवजी वाघ काढून घेतला, तर पहिल्या बाकावर बसायला कुणी तयार होईना. राजुऱ्याकडच्या एका कॉलेजात पडद्यामागचे प्राध्यापक जेवणानंतर झोपी गेले आणि घोरू लागले. समोर कोट घालून उभा असलेला मुलगा आज्ञाधारक होता. मागून येईल ते म्हणायचं असतं, म्हणून त्याने तेही म्हणून दाखवलं, आणि वर्गाने उतरवून घेतलं.

लोकांनी पडदा घेतला आणि स्टुलावरच्या माणसाचं काय करायचं ते कुणी विचारलं नाही. वर्षभरात सगळे पडदे उतरले. आमचा मात्र सर निवृत्त होईपर्यंत होता. आता ते नागभीडजवळ आपल्या गावी धान पिकवतात.

मला गडचिरोलीला कॉलेजात तासिकेवर नेमणूक मिळाली. अशा नेमणुका उशिराच निघतात, त्यामुळे माझा पहिला तास दिवाळीनंतर होता. आदल्या दिवशी मी सरांना फोन केला. "सर, मले भेव लागून राह्यलं."

"येतो ना मी," सर म्हणाले. "तुया वर्गात फळ्यामागं खिडकी आहे का?"

"आहे. बंदच राहते."

"राहू दे. तिच्या बाहेरून बसतो. मागं पाहायचं नाई, ध्यानात आहे ना?"

सकाळी मी वर्गात गेले. एटापल्ली, भामरागडची पोरं-पोरी, आणि थेट सिरोंच्याची एक मुलगी. मी म्हटलं, "अर्थशास्त्र म्हणजे." आणि अडले. मागे काही हललं नाही. मी मनात हसले. सरांची खोड मला ठाऊक होती, पहिला शब्दही ते सहज द्यायचे नाहीत. पाठीशी खिडकीचा गारवा लागत होता. मी पोरांना विचारलं, "बाजारात जाता ना?" सिरोंच्याची मुलगी म्हणाली, "जाते मॅडम, पण पैसा कमी अन् मन जास्त." मग तास असा काही चालला की बेल झाल्यावर पोरं उठेनात. मध्ये दोनदा अडले असेन, दोन्ही वेळा थांबले, सर वाट बघतायत म्हणून मीही वाट बघितली, आणि शब्द आला.

वर्ग रिकामा झाल्यावर मी धावत बाहेरून वळसा घालून खिडकीशी गेले. तिथे बसायला जागाच नव्हती. भिंतीला लागून पाण्याची सिमेंटची टाकी होती, मधल्या फटीत मांजर जेमतेम गेलं असतं. मी फोन लावला. पलीकडे बायांचा गलका आणि विळ्यांचा आवाज.

"सर, कुठी आहात?"

"बांधीत. धान कापून राह्यलो. झाला का तास?"

"तुम्ही आलेच नाई?"

"निघणार होतो," सर म्हणाले. त्यांनी कुणाला तरी पेंढी बांधायला सांगितलं आणि परत फोनवर आले. "मंग म्हटलं, मागं तर तू पाहणारच नाईस."